रिकामा पाळणा उंबऱ्याबाहेर जात नाही

मी पाळणा बोलतोय. हो, तोच, ज्यात तुम्ही पाय झाडत पडला होतात आणि ज्याची आठवण आज तुमच्यापैकी एकालाही नाही. राग नाही हो माझा. ज्याला दूध पाजलं तोच आईचं ऐकत नाही, तिथं पाळण्यानं काय मोठं मागायचं?

माझा जन्म दिग्गीचा. चारी बाजूंनी रान, आणि रान सगळं सरकारचं. उमाजीनं मला लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी बनवलं. चौकट परसातल्या फणसाची, पण पोट विणलं ते वेताचं, आणि वेत तोडायला तेव्हा बंदी होती. जंगलखात्याचा गार्ड दारात येऊन उभा राहिला. माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्ये काय?" उमाजी म्हणाला, "नातवंडाचा पाळणा, सायेब." गार्डानं माझ्या पोटावर हात दाबून बघितला, वीण घट्ट आहे म्हणाला, आणि जाताना कोंबडा घेऊन गेला. तेव्हा मी चोरीचा माल खरा, पण सरकारमान्य.

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि लेक बाळाला घेऊन सासरी परतते तेव्हा पाळणा माहेरून जातो. तसा मी केशरबरोबर गेलो, सुप्याच्या अलीकडं एका वाडीत. माझ्या पोटात झिलू होता. गुटगुटीत पोर, पण रडायला लागला की डोंगरापलीकडची माणसं भांडणं थांबवून ऐकायची.

त्या घरात नवरा म्हादू, सासू तुळजा, धाकटा दीर आणि त्याची बायको. म्हादू कॅसलरॉकला रेल्वेचा माल चढवायला जायचा. घरी आला की झोपायचा, आणि जागा असला की "आय म्हणती तसं" म्हणायचा. याहून मोठं वाक्य मी त्याच्या तोंडून क्वचितच ऐकलं. तुळजाचं मात्र तसं नव्हतं. ती बोलायला लागली की चुलीवरचं दूध उतू जायचं, तरी वाक्य संपायचं नाही. आणि केशरही काही मुकी नव्हती.

भांडण पेटलं ते कोनावरून. कोन म्हणजे आमच्या परसात जमिनीत वाढणारा कंद. नवा कोन काढला की आधी देवाला दाखवायचा, मग माणसांनी तोंडात घालायचा. ही रीत लहान पोरालाही ठाऊक. पण केशर अंगावर पाजणारी बाई, भुकेनं कासावीस झालेली. तिनं एक उकरला, निखाऱ्यावर भाजला आणि तिखटमीठ लावून खाल्ला. तुळजानं साली बघितल्या.

"देवाच्या आदी जेवलीस व्हय गं?"

"देवाला काय पोर पाजायचं न्हाई, आत्ती," केशर म्हणाली.

झालं! हसू मलाही आलं होतं, पण घरात दुसरं कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून मीठ कमी पडलं तरी तो कोन निघायचा, गाय आटली तरी कोन. म्हादू घरी आला तेव्हा तुळजानं सांगितलं, ही बाई नको. म्हादू म्हणाला, "आय म्हणती तसं." आणि गोष्ट काडीमोडीवर आली.

अंगणात कांबळं पसरलं. त्यावर पुंडलिक बुधवंत बसला. बुधवंत म्हणजे त्या वाडीचा मुख्य, न्यायनिवाडा तोच करतो. दिग्गीहून उमाजीला बोलावणं गेलं होतं, तो येऊन कोपऱ्यात टेकला. आणि न बोलावता आले ते खानापूरकडचे बाबुराव, मीठ-कापडाचे व्यापारी. एकदा कधी तरी बेळगावच्या कोर्टात साक्षीला गेले होते. कोर्टाची पायरी चढले ते चढलेच, मनानं अजून उतरले नव्हते.

मी आतल्या तुळईला टांगलेला, दार उघडं, सगळं ऐकू येत होतं. सकाळीच झिलूला केशरच्या मांडीवरून उचलून धाकट्या जावेकडं दिलं होतं. जावेलाही अंगावरचं मूल होतं ना, ती दोघांना पाजील असं ठरवून टाकलं होतं सगळ्यांनी. झिलूला मात्र कुणी विचारलं नव्हतं. तो तिच्या छातीला तोंडच लावेना. नुसता किंचाळत होता.

बाहेर निवाडा जोरात. पोटगीचं काय? पुंडलिक म्हणाला, काडी मोडली की ज्याचं पोट त्यानं भरायचं. उमाजी म्हणाला, "माझ्या लेकीला मी घालतो, त्ये सोडा. पोराचं बोला."

बाबुरावांनी घसा साफ केला. "सरकारी कायद्यात मूल बापाचं असतं. त्यातून मुलगा. वंशाचा दिवा. उद्या शेतात वाटा त्याचा. तो आईबरोबर गेला तर वारसा कसा लागणार?"

एवढे मोठे शब्द ऐकून म्हादूनंही मान हलवली.

"शेत घ्या," केशर म्हणाली, "वाटा घ्या, काय हाय त्ये समदं घ्या. माझा झिलू तेवढा द्या."

मी ज्या हातांचे इतके दिवस झोके खाल्ले, ते हात मला दारातून दिसत होते, पदराचा पीळ करत बसलेले. पण निवाडा करणाऱ्यांना कायदा ऐकू येतो, रडणं ऐकू येत नाही. पुंडलिकानं सांगून टाकलं, पोर बापाकडं. भाताची वाळकी काडी आणली, म्हादूनं आणि केशरनं दोन टोकं धरली, आणि ती मोडली. एवढा संसार, आणि आवाज इतकासा!

आत तुळजानं झिलूला जावेकडून घेतलं. खांद्यावर टाकलं, थोपटलं, माझ्यात घालून झोके दिले, पुन्हा उचललं. मधाचं बोट लावलं ते त्यानं थुंकलं. तोंडानं ती त्याला "गप रे माझ्या राजा" म्हणत होती, आणि डोळे मात्र तिचे दारातून बाहेर, केशरकडं लागलेले. शेवटी तिनं त्याला परत जावेच्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मग रीतीचा शेवटचा भाग. जे माहेरून आलं ते माहेरी जायचं. तांब्या निघाला, घोंगडी निघाली, आणि उमाजी मला घ्यायला आत आला. त्यानं मला सोडवलं, डोक्यावर घेतलं आणि उंबऱ्याशी पोचला. तेवढ्यात तुळजा दार अडवून उभी राहिली.

"थांबा. रिकामा पाळणा ह्या घरातनं जायाचा न्हाई."

सगळे चपापले. कारण ही गोष्टही लहान पोराला ठाऊक. रिकामा पाळणा उंबऱ्याबाहेर गेला की त्या घरात पुन्हा पाळणा टांगला जात नाही. आणि म्हादूचं तर दुसरं लगीन करायचं होतं.

"मग ऱ्हाऊ दे हितंच पाळणा," म्हादू म्हणाला.

"माहेरचं माहेरी, असं तुमीच सांगितलासा की," उमाजी म्हणाला. पुंडलिकानं मान डोलावली. कांबळ्यावर बसून दिलेला शब्द कांबळ्यावर बसूनच मागं घेतला, तर उद्या त्याला कोण विचारणार?

"कायद्यात काय हाय वो?" त्यानं बाबुरावांना विचारलं.

बाबुरावांनी पुन्हा घसा साफ केला. "पाळण्याबद्दल कायद्यात… तसं काही नाही," ते म्हणाले.

मग काय मजा! अख्खी वाडी माझं पोट भरायला निघाली. कुणी म्हणालं वरवंटा घाला, बारशाला आपण पाळण्यात आधी वरवंटाच ठेवतो की.

"घरचा वरवंटा दिग्गीला? आनि आमी चटणी काय दातानं वाटू?" तुळजा कडाडली.

नारळ आणला. "त्यो देवाच्या नावाचा हाय. देवाच्या आदी खाणं एकदा झालंय ह्या घरात, तेवढं पुरं."

भोपळा आणला. "भोपळा घालून धाडा म्हणजे माझी नवी सून भोपळाच जन्माला घालील!"

बाबुरावांनी मांजर सुचवलं. मांजर शहाणं, ते आधीच चुलीमागं गेलं होतं.

पुंडलिक हरला. "मग तूच सांग बाई, काय घालायचं?"

तुळजा आत गेली. आली ती झिलूला घेऊन. उमाजीनं मला खाली टेकवलं आणि तिनं त्याला माझ्यात निजवलं. खाली दुपटं सारखं केलं. तिचा हात त्याच्या पाठीखाली होता, तो तिनं लगेच काढला नाही.

"आये, पोरगं आपलं हाय," म्हादू म्हणाला. आईला उलटून तो पहिल्यांदाच बोलला होता.

"तुला दुसरी बायको आणीन मी. त्याला दुसरी आय कुठनं आणू?"

"आणि वारसा?" बाबुराव पुटपुटले. "शेतातला वाटा?"

"शेताला काय पाय फुटल्यात? हितंच असतंय. मोठा झाला की येऊन घील."

केशर तिच्या पायाशी वाकली. तुळजा मागं सरकली. "पाया नगं पडू. आदी पाज त्याला, सकाळधरनं उपाशी हाय."

उमाजीनं मला एका बाजूनं धरलं, केशरनं दुसऱ्या. उंबरा ओलांडला तेव्हा मी भरलेला होतो. वाडीच्या कडेला आंब्याखाली बसून केशरनं झिलूला छातीशी घेतलं, आणि त्याचं रडं थांबलं. मला वाटतं त्या दिवशी वाडीतली सगळीच माणसं थांबून ऐकत होती.

तुळजा त्या रीतीला खरंच भ्यायली होती, की तिनं रीतच सुनेच्या बाजूनं उभी केली? वाडीत यावर अजून वाद होतो. मी वेताचा, माझं कोण ऐकतं? पण एक झालं. हल्ली त्या भागात काडीमोडीला बसले आणि घरात तान्हं असलं, की पुंडलिक पहिलं विचारतो, "पाळणा कुणाच्या माहेरचा?" बाबुरावही आता हेच विचारतात, आणि जुनाच कायदा असल्यासारखं विचारतात.

मी आता दिग्गीत माळ्यावर असतो. इथल्या बायका बाळंतपणाला मागून नेतात, झालं की परत आणून ठेवतात. वेत एका बाजूला सैल झालाय, आमच्या वयाला व्हायचंच. झिलू गुरं राखतो, माझ्यात त्याचा एक पायही मावणार नाही.

आणि दर वर्षी भात घरात आलं की तुळजा रान तुडवत येते. पदरात काही ना काही बांधलेलं. काडी मोडली, नातं मोडलं, तेव्हा यायला कारण नको का? उमाजी दारातच विचारतो, "काय विहीणबाई, इकडं कसं?"

"पाळणा बघाय आलो," ती सांगते. "नीट ठेवलाय का न्हाई?"

मग ती झिलूला जवळ बसवून घेते, त्याचं डोकं चाचपते, त्याला काय काय खाऊ घालते. केशर तिच्यासाठी कोन भाजते. दिवस कलला की तुळजा उठते आणि जाते. माळ्याकडं मान वर करून तिनं मला एकदाही बघितलेलं नाही. माझं काही म्हणणं नाही. कधी भेटलीच तुम्हाला, तर तुम्हीही हे तिला बोलून दाखवू नका.