मेंदूतल्या तंतूंची मोजणी

सकाळी तिने दूध तापवले, डबा भरला आणि पोळलेले बोट नळाखाली धरूनच धाकट्या जावेची समजूत घातली. जाऊ गरोदर होती आणि तिला संसर्गावरचे औषध चालू होते. अशा औषधाने आतड्यातले उपयोगी जंतूही मरतात, हे कुठेसे वाचल्यापासून बाळाच्या मेंदूच्या काळजीने तिच्या जिवाला घोर लागला होता. डॉक्टरांचे औषध सोडायचे नाही, असे हिने बजावले.

"तुमच्या उंदरिणींचं काय ते ठरलं की मलाही कळवा, ताई," जाऊ म्हणाली.

आजच ते ठरायचे होते. प्रयोगशाळेत काही उंदरिणी जन्मापासून जंतूंविना वाढवल्या होत्या. त्यातल्या निम्म्यांना गाभण असताना मोजके जंतू दिले होते. पोटातल्या पिल्लांच्या मेंदूचे काप, कुठला कोणत्या गटातला ते कळू नये म्हणून संकेतांक लावून, तिनेच तपासले होते. सहकाऱ्याने संकेतांक उलगडले, आणि दोघेही खुर्चीतून उठलेच. जंतू मिळालेल्या मातांच्या पिल्लांत मेंदूतले तंतू लांबवर पोचले होते; उरलेल्यांत तोकडे होते. तिचा आनंद गगनात मावेना. जावेला फोन करायला तिचे हात शिवशिवत होते.

दुपारच्या बैठकीत विभागप्रमुखांची कळी कशी खुलेल, याची नक्कल करता करता सहकाऱ्याने पहिल्या विच्छेदनाची आठवण काढली. जंतूंविना वाढलेल्या उंदरिणीच्या मोठ्या आतड्याची सुरुवात फुग्यासारखी टम्म फुगलेली असते. ती पाहून ही कशी दचकली होती.

तिचे हसू विरले. विच्छेदन तिनेच केले होते; फुगलेल्या आतड्यावरून कुठली आई जंतूंविना, ते तिला तेव्हाच दिसले होते. संकेतांक नंतर चिकटवले, पण पेटीतला कापांचा क्रम तोच राहिला होता. कुठला काप कुठल्या आईचा, हे तिला मोजताना ठाऊक होते.

"तू काही मुद्दाम नाही केलंस," तो म्हणाला.

"मुद्दाम नाही. पण काय दिसायला हवं, ते मला आधीच माहीत होतं."

"मग बैठकीत काय सांगायचं?"

"अजून मोजतोय म्हणून."

तंतू लांबच निघतील, असे तिचे मन ठासून सांगत होते. म्हणूनच तिने पेटी त्याच्याकडे सरकवली आणि स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली. त्याने काप पत्त्यांसारखे पिसून क्रम बदलला, नवे संकेतांक लावले. मग पेटी घेऊन ती शेजारच्या प्रयोगशाळेत गेली. तिथल्या मैत्रिणीला या प्रयोगाची गंधवार्ता नव्हती. तंतूंची लांबी मोजून दे, एवढेच तिला सांगितले आणि पाठीमागे दार हलकेच ओढून घेतले.