मॉन्सच्या गाडीचे दिवे

एकवीस वर्षं मी नोर्रवीकच्या मुलांना गावातल्या शाळेत शिकवलं. मग शाळा बंद झाली, मुलं अडतीस किलोमीटरवरच्या सोर्सेलेला जाऊ लागली. नगरपालिकेला मुलांची गाडी चालवणारा माणूस हवा होता आणि मला मुलं हवी होती. तेव्हा पुढची अकरा वर्षं मी त्यांना नेलं-आणलं. येताना-जाताना पाढे, नद्या, झाडांची नावं. गाडी म्हणजे माझा चाकांवरचा वर्गच होता.

गेल्या वसंतात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला एका यंत्रात डोकं घालायला लावलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. बरेच ठिपके मला दिसलेच नाहीत.

"हिल्डिंग, कडेचं तुला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "आणि रेनडिअर कडेनंच येतात."

लायसन्स गेलं. ऑगस्टमध्ये माझ्या जागी मॉन्स आला.

मॉन्स दक्षिणेकडचा, स्कोनचा. वय तिशीच्या आसपास. बायकोला इथल्या आरोग्य केंद्रात नोकरी लागली म्हणून तिच्यामागून आलेला. तो 'र' घशातून काढतो, गुळण्या केल्यासारखा. पहिल्याच आठवड्यात मुलंही तसाच 'र' काढायला लागली. मी शिकवलेला स्वच्छ 'र' पाच दिवसांत गेला.

त्याच्या गाडीत चार मुलं. दोघं आधी उतरायची. शेवटी उरायची तीरा आणि विदार, शेजारच्या उल्रिकाची. ती नऊ वर्षांची, तो सात. उल्रिका लाकडाच्या कारखान्यातून पाचला सुटते, म्हणून तोवर मुलं माझ्याकडे. हे माझ्या वेळेपासून चालत आलेलं. फरक एवढाच, की पूर्वी मीच त्यांना घेऊन घरात शिरायचो आणि आता खिडकीत उभा राहून वाट बघायचो. गाडी अंगणात थांबली तरी मुलं उतरायची नाहीत. मॉन्स त्यांना रोज गोष्ट सांगायचा आणि ती संपल्याशिवाय कोणी दार उघडायचं नाही. कधी पाच मिनिटं, कधी दहा. काचेआड त्यांची तोंडं हसताना दिसायची, आवाज यायचा नाही.

माझ्या पोटात दुखायचं. दुसरा चांगला शब्द मला सापडत नाही.

ऑक्टोबरच्या एका दुपारी तो मुलांच्या मागोमाग माझ्या स्वयंपाकघरात आला. हातात दिव्यांच्या दुकानाचं जाड पुस्तक.

"हिल्डिंग, जादा दिवे निवडायचेत," तो म्हणाला. "गाडीच्या दिव्यांत पुढचं काही दिसत नाही. काल एक रेनडिअर माझ्याकडे असं बघत होतं, जणू मीच त्याच्या घरात घुसलोय. शिकव ना मला."

शिकव म्हटलं की मी विरघळतो. कॉफी टाकली, आमच्याकडच्या रीतीनं त्याच्या पेल्यात चीजचे तुकडे घातले. त्यानं चमच्यानं एक उचलून संशयानं पाहिलं.

"हे कॉफीत का पडलंय?"

"खा गपचूप," विदार म्हणाला. "नाहीतर हिल्डिंग तुला नापास करेल."

मग मी शिकवायला बसलो आणि मनापासून शिकवलं. दिवे छपरावर लावू नकोस, बॉनेट चमकतं आणि आपलेच डोळे दिपतात, बंपरसमोर लाव. लांब जाणारा झोत सरळ रस्त्याला चांगला, पण जनावर येतं जंगलातून, म्हणून रुंद पसरणारा झोत हवाच. फार निळसर उजेड घेऊ नकोस, डोळे थकतात. लावून झाल्यावर कोठाराच्या भिंतीसमोर गाडी उभी करून झोत सरळ कर. शेवटी काचेवरचे आकडे. प्रत्येक मोठ्या दिव्याच्या काचेवर एक आकडा असतो. एका वेळी लागणाऱ्या सगळ्या दिव्यांच्या आकड्यांची बेरीज शंभरावर जाता कामा नये, नाहीतर तपासणीत गाडी परत पाठवतात.

"तीरा, गाडीच्या स्वतःच्या अपर दिव्यांचे साडेबारा आणि साडेबारा. उरले किती?"

"पंच्याहत्तर," तिनं ब्रेडवरून मान वर न करता सांगितलं.

मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मॉन्सचं बोट पुस्तकातल्या एका लांब पट्टीवर थांबलं. एलईडीची पट्टी, अख्ख्या बंपरभर. आकडा पन्नास.

"ही! वीज कमी खाते, बल्ब जात नाही, झोत रुंदही आणि लांबही. शंभराच्या आत. हीच ना?"

विदार त्याच्या खुर्चीमागे चढून त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवून बघत होता. "हीच! हीच घे! स्टेडियमसारखी!" असं म्हणत त्यानं मॉन्सच्या गळ्यात हात टाकले. अकरा वर्षांत कुठल्याच मुलानं माझ्या गळ्यात असे हात टाकले नव्हते. मास्तरच्या गळ्यात कोण हात टाकतं?

"बरोबर ना, हिल्डिंग?"

आमच्याकडे होकार द्यायला तोंड उघडावं लागत नाही. ओठ चंबूसारखे करून श्वास आत ओढायचा, शूप्, म्हणजे हो. मी श्वास आत ओढला.

पट्टीत वाईट काहीच नव्हतं. तो म्हणाला ते सगळं खरं होतं. पण एलईडीची काच तापत नाही. जुन्या हॅलोजनची काच तापते आणि तिच्यावर पडलेला बर्फ वितळून जातो. एलईडीवर तो बसतो, जमतो, आणि अर्ध्या तासात समोर दिव्याऐवजी पांढरी भिंत उरते. हे इथल्या कुठल्याही ट्रकवाल्याला माहीत आहे. मला तर होतंच. मी त्याला सगळं शिकवलं आणि एवढं एक ठेवून घेतलं.

शिकेल आपोआप, असं मी स्वतःला सांगितलं. आम्हाला कोणी शिकवलं होतं?

पट्टी लागली. पहिल्या दिवशी ती गाडी वळणावरून आली तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातल्या फडताळावरचे पेलेसुद्धा मोजता आले. तीन-दहाला बाहेर अंधारून आलेलं आणि अंगणात लख्ख दुपार. उल्रिका कामावरून आल्या आल्याच म्हणाली, "काय दिवे आहेत! आता मला घोर नाही. मॉन्स हुशार आहे हं."

"मी निवडून दिले," मी म्हणालो.

"हो, विदार म्हणत होता, मॉन्सनं निवडले आणि तू हो म्हणालास."

नोव्हेंबर जवळजवळ सगळा कोरडा गेला. कडक थंडी, आकाश स्वच्छ, बर्फ नाही. दिवे झळकत राहिले. रस्त्याकडेच्या खांबांवर इशाऱ्याच्या काळ्या पिशव्या बांधल्या गेल्या, म्हणजे रेनडिअरचे कळप उतरले होते. मॉन्सला ते दोनदोनशे मीटरवरून दिसत. तो मुलांना प्रत्येक जनावराला नाव ठेवायला लावायचा. तीरा मला रोज नवी नावं सांगायची आणि मी म्हणायचो, वा.

सकाळी उठलो की मी आधी खिडकीतून आकाश बघायला लागलो. हवामानाच्या बातम्या दोनदा ऐकायला लागलो. मी बर्फाची वाट बघत होतो. ज्या गाडीत चार मुलं बसतात, तिच्यावर बर्फ पडावा म्हणून मी, बत्तीस वर्षं मुलांत घालवलेला माणूस, वाट बघत होतो. तेव्हा हे मी असं सरळ मांडून पाहिलं नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी तो पडला. शून्याखाली जेमतेम दोन अंश, ओला, चिकट, आणि वारा तलावावरून. गाडी तीन-दहाला येते. तीन-वीस झाले. तीन-तीस. मी चमकणारं जाकीट चढवून फाटकाशी जाऊन उभा राहिलो. काही दिसत नव्हतं. माझ्या डोळ्यांना तर नाहीच. तेव्हा मला त्या पट्टीवर बसलेल्या बर्फाचा विचार आला आणि त्यात जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही.

पावणेचारला दोन मिणमिणते पिवळे ठिपके आले. गाडीचे जुने दिवे. त्यांच्याखाली पांढरी पट्टी, उजेडाची नव्हे, बर्फाची.

दार धाडकन उघडलं. विदारच्या हातात बर्फ झाडायचा ब्रश होता आणि डोक्यावर टोपी नव्हती.

"हिल्डिंग! सहा वेळा थांबलो! सहा! माझी पाळी दोनदा आली!"

"पाळी कसली?"

"दिवे झाडायची!" तीरा उड्या मारत होती. "मॉन्स गोष्ट सांगतो, दिवे मेले की थांबतो, एकजण उतरून झाडतो, आणि जो झाडतो तो गोष्टीत पुढं काय होणार ते ठरवतो. मी अस्वलाला दंतवैद्य केलं!"

खरं सांगतो, आधी पोटातलं तेच दुखणं उठलं. मी लपवलेली खोच होती, तिचाही यानं खेळ करून टाकला, आणि असा खेळ की मुलं महिनाभर बोलतील.

मॉन्स उतरला. त्याचा चेहरा थकलेला होता, पण हसत होता. "ही पट्टी गार राहते रे! हात लावून बघ. मला कुठं ठाऊक! आमच्याकडे बर्फ येतो तो पाव्हण्यासारखा, चहा पिऊन जातो."

"विदार, तुझी टोपी?"

"उडाली! ट्रक गेला ना, लाकडांचा, शुईंऽऽऽ करून, तेव्हा!"

"कुठे?"

"खडीच्या खाणीपाशी. वळणावर."

त्या वळणावर कडेला उभं राहायला हातभर जागा नाही. तिथं मी अकरा वर्षांत कधी गाडीचा वेगसुद्धा कमी केला नव्हता, मागून कोणी येईल म्हणून. सात वर्षांचं पोर तिथं ब्रश घेऊन गाडीच्या पुढ्यात उभं होतं आणि टोपी उडेल इतक्या जवळून ट्रक गेला होता.

"मुलांनी खाली उतरायचं नाही," मी म्हणालो. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "पुन्हा कधीच नाही."

"हो, ट्रक गेला तेव्हा मीही घाबरलो," मॉन्स म्हणाला. "नंतर मीच उतरलो. पण तुझा काय दोष? तू जन्मभर जुन्या दिव्यांवर गाडी हाकलीस. एलईडीचं तुला तरी कसं कळणार?"

मला सुटकेचं दार उघडून दिलं होतं त्यानं. नुसतं बाहेर पडायचं होतं. श्वास आत ओढला असता तरी भागलं असतं.

तीरा रागावली. "हिल्डिंगला सगळं कळतं! त्याला माहीत असतं तर त्यानं सांगितलंच असतं. तो कधी काही राखून ठेवत नाही, कंटाळा येईपर्यंत सांगतो!"

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

वायपर तेवढे हलत होते.

"पहिल्या दिवशी, तू बोट ठेवलंस तेव्हाच माहीत होतं. मुद्दाम बोललो नाही."

मॉन्सनं विदारच्या हातातला ब्रश घेतला. "मुलांनो, आत जा. मोजे ओले झालेत." ती गेली. दार लागेपर्यंत तो थांबला.

"माझ्यावर राग होता तर माझ्या टायरची हवा काढायचीस," तो हळू म्हणाला. "मी शिव्या घातल्या असत्या आणि हवा भरली असती. गाडीत ही पोरं होती, हिल्डिंग."

"हो."

"आता दिवे कोणते घेऊ?"

मी सांगितले. पट्टी राहू दे, कोरड्या हवेला तिच्यासारखं काही नाही. तिच्या बाजूंना दोन गोल हॅलोजन लाव, रुंद काचेचे, प्रत्येकी साडेबाराचे, म्हणजे बरोबर शंभर. बर्फात पट्टी बंद, हॅलोजन चालू. ते मिळेपर्यंत थांबायचं तर फक्त बसथांब्यांवर, आणि झाडायचं त्यानंच. तो फोनवर टिपून घेत होता. बर्फ पडद्यावर पडत होता, तो अंगठ्यानं पुसत होता.

"या वेळी काही राहिलं का?"

मी विचार केला. राहिलं होतं.

"बर्फ पडत असताना गोष्टी सांगू नकोस. अर्धं लक्ष गोष्टीत जातं."

त्यानं फोन खाली केला.

"हे रस्त्याचं सांगतोयस की तुझं?"

"दोन्ही," मी म्हणालो. "पण रस्त्याचंही खरं आहे. तुला कसं पटवू, मला कळत नाही."

त्यानं पट्टीवरचा बर्फ झाडला, गाडीत बसला आणि गेला. कॉफीचं मी विचारलं नाही.

आत तीरानं स्वतःच ब्रेड काढून घेतला होता. विदारनं मोजे शेगडीवरच्या दांडीला टांगले होते आणि तो माझ्याकडे बघायचं टाळत होता. तीरा टाळत नव्हती.

"का नाही सांगितलंस?"

आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो, की प्रश्न विचारला तर उत्तर पूर्ण वाक्यात द्यावं.

"तुम्ही त्याच्या गाडीत हसता, माझ्या गाडीत हसत नव्हता, म्हणून मी सांगितलं नाही."

तिनं घास चावता चावता त्याचा विचार केला.

"आम्ही तुझ्या गाडीतपण हसायचो."

"मी कधी ऐकलं नाही."

"तू आरशात बघायचास ना, तेव्हा गप्प व्हायचो. तुला वाटायचं आमचे पाढे चाललेत."

"नद्या," विदार कोपऱ्यातून म्हणाला. "नद्यांच्या वेळी जास्त."

"काय हसायचात नद्यांत?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर ते आलं, काचेआडून मी रोज बघायचो तेच, आणि लगेच दोघांनी ते दाबलं, कारण मी बघत होतो.

मी पाठ वळवली आणि चुलीवरचं दूध हलवत राहिलो. जरा वेळानं माझ्यामागे कोणीतरी नाकातून फुस्स केलं.