कूलरशेजारचा पंच

"बंद कर वं तो!"

अनंत लांजेवार ओल्या अंगानंच न्हाणीतून बाहेर आला आणि कूलरच्या बटणावर झडप घातली. सकाळचे नऊ वाजले होते. हुडकेश्वर वस्तीतली कुत्री तेव्हाच नालीत उतरून बसली होती.

"पंचेचाळीसच्या वर जाणार आहे आज," त्याची बायको शामला म्हणाली. "पंधरा मिनिटं तर चालू द्या."

"मले आवाज सहन होत नाही."

"नागपुरात राहून कूलर चालू देत नाही असा माणूस एकच. तुमाले म्युझियममध्ये ठेवाले पायजे."

ही तक्रार सात वर्षांची होती. पहिल्या वर्षी त्यानं सर्दीचं कारण सांगितलं, दुसऱ्या वर्षी विजेच्या बिलाचं. तिसऱ्या वर्षापासून त्यानं कारण देणं बंद केलं. मुलगी वैभवी लग्न होऊन प्रताप नगरला गेली, तेव्हा सासरी पहिले दोन दिवस नुसती कूलरसमोर झोपून होती. सासूला वाटलं, पोरीला माहेरची आठवण येतेय.

खरं कारण त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. कूलर सुरू झाला की पाण्याच्या टपटपीखालून, पंख्याच्या घरघरीखालून त्याला एक आवाज यायचा. शांत, अदबशीर, चौकशी केल्यासारखा.

'भाऊ, तुमाले आयकू आलं काय?'

आज त्याला कोर्टात जाऊन याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. समन्स आठ दिवसांपासून फ्रिजला चिकटवलेलं होतं.

सात वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्याच्या कार्यालयात एक बंद पाकीट आलं होतं. लाचखोरांना पकडणाऱ्या खात्याला सापळ्यासाठी दोन सरकारी पंच हवे होते. 'प्रामाणिक व निर्भीड कर्मचारी पाठवावेत,' असं पत्रात होतं. असं पाकीट आलं की कोणाची बी.पी.ची गोळी घरी राहून जाते, कोणाला दौरा आठवतो. साहेबांनी पत्र वाचून बाहेर पाहिलं तेव्हा बावीस टेबलांपैकी दोनच टेबलांमागे माणसं होती. अनंत डबा खात होता आणि बळीराम झाडे झोपले होते. प्रामाणिक व निर्भीड कर्मचाऱ्यांची निवड अशी पार पडली.

योगायोगानं अनंत खरोखरच प्रामाणिक होता. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यानं परक्याचा चहा घेतला नव्हता. आपला चहा तो घरून थर्मासमध्ये आणायचा, आणि त्याबद्दल कार्यालयात त्याच्यावर बराच राग होता.

तक्रार करणारी बाई होती तुळसाबाई. नवरा शाळेत शिपाई होता, तो वारला. तिच्या पेन्शनचा कागद चौदा महिन्यांपासून अंजनकर नावाच्या बड्या बाबूच्या टेबलावर होता. कागद आणि पुढचं टेबल यांच्यात चार फुटांचं अंतर होतं, पण ते पार करायला कागदाला ताकद लागत होती.

झाडेंनी बाहेर थांबायचं होतं. अनंतला काम सोपं दिलं होतं. बाईचा भाचा म्हणून तिच्यासोबत आत जायचं. पैसे मागताना अंजनकर काय म्हणतो ते ऐकायचं. बस्स.

"तुही माय कुठली गा?" तुळसाबाईनं त्याला विचारलं होतं.

"उमरेडची."

"मंग मीबी उमरेडची. बहीण झाली ना थे माही." असं म्हणून तिनं पिशवीतून एक कांदा काढून त्याच्या शर्टाच्या खिशात टाकला. "राहू दे. ऊन लागत नाही यानं."

सापळ्याआधी सगळ्यांचे खिसे तपासतात. इन्स्पेक्टरनं कांदा काढला, उलटसुलट पाहिला आणि कागदावर लिहून घेतलं: 'पंच क्रमांक एक यांच्या खिशात कांदा, नग एक, मध्यम आकाराचा.' मग कांदा परत दिला आणि बाईच्या पिशवीत रेकॉर्डर ठेवला. नोटांना एक पांढरी भुकटी लावली. ती लागलेला हात सोड्याच्या पाण्यात बुडवला की पाणी गुलाबी होतं.

अंजनकरांच्या खोलीतला कूलर कपाटाएवढा होता. खुर्च्या दोन. एक टेबलासमोर, दुसरी कूलरशेजारी. मावशी समोर बसली, भाचा कूलरशेजारी बसला. कूलर ट्रक चढावर लागल्यासारखा घरघरत होता. अनंतला अंजनकरांचे ओठ हलताना दिसले. मावशीचे ओठ हलताना दिसले. पाकीट टेबलावरून सरकलं, अंजनकरांनी आतल्या नोटांवर बोट फिरवलं आणि ड्रॉवर लागला. मावशीनं ठरल्याप्रमाणे डोक्यावर पदर घेतला. दारातून माणसं आत घुसली.

पाणी गुलाबी झालं. एखाद्या लग्नातल्या सरबतासारखं, फार देखणं.

अंजनकर ओरडले नाहीत. नेताना ते दारापाशी थांबले आणि सवयीनं कूलर बंद केला. सरकारी वीज वाया जाऊ नये याबाबत ते काटेकोर होते. खोली एकदम शांत झाली. त्या शांततेत त्यांनी अनंतकडे पाहून विचारलं,

"भाऊ, तुमाले आयकू आलं काय?"

पंचानं आरोपीशी बोलायचं नसतं, हे अनंतला कोणीतरी सांगितलं होतं.

पंचनामा अकरा पानांचा झाला. मागच्या एका सापळ्याचा नमुना समोर ठेवून शिपाई टाइप करत होता. नावं बदलायची, बाकी तेच. नवव्या पानावर होतं: 'पैसे आणले काय, असे आरोपीने विचारल्याचे पंच क्रमांक एक यांनी स्पष्ट ऐकले.'

"साहेब," अनंत म्हणाला, "तो कूलर..."

"हात गुलाबी झाले ना?" इन्स्पेक्टर घाम पुसत म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, सकाळपासून उपाशी होता. "बाईनं ऐकलं ना? मग तुम्हीही ऐकलं. तिच्या शेजारीच होता तुम्ही. करा सही. सरकारी कामात शंका काढत बसलं तर हे लोक कधी सापडणारच नाहीत."

हे पटण्यासारखं होतं. अनंतनं अकरा सह्या केल्या.

त्या दिवसापासून तो लग्नात जेवायचं ताट घेऊन मंडपाबाहेर उन्हात जायचा. मनीषनगरला एक मित्र वारला, तेव्हा घरच्यांनी आलेल्यांसाठी भाड्याचे दोन कूलर लावले होते. मित्र पांढऱ्या चादरीखाली, भोवती बायांचं रडणं, आणि अनंतच्या कानात अंजनकर. तो तिरडी उचलायच्या आधीच निघून आला. ते लोक अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

कोर्टाच्या व्हरांड्यात तुळसाबाई भिंतीला टेकून बसली होती. सात वर्षांत ती अर्धी झाली होती. तिची फाइल पुरावा म्हणून सीलबंद झाल्यामुळे पेन्शन सुरू व्हायला आणखी चार वर्षं लागली होती.

"आला काय गा भाच्या? मले साहेबाच्या वकिलानं मागच्या तारखेला लय घुमवलं. तारीख कोणती, वार कोणता, साहेबाचा शर्ट कोणता. म्या म्हटलं, ऊन लय होतं, एवढंच ध्यानात आहे. आता तुह्यावर आहे बाप्पा सगळं."

पलीकडच्या बाकावर अंजनकर पाण्याची बाटली घेऊन बसले होते. मधल्या काळात ते निलंबित झाले, परत घेतले गेले आणि रिटायर झाले. केस पांढरे झाले होते. त्यांनी ओळखीचं हसून मान हलवली.

सरकारी वकील भैरवी मॅडम घाईत होत्या. "पंचनामा वाचलात ना? तेच सांगा. रेकॉर्डिंगमध्ये फक्त कूलर ऐकू येतोय, तो मात्र उत्तम आलाय. मागणी सिद्ध झाली नाही तर नुसत्या गुलाबी हातांनी शिक्षा होत नाही. आणि लांजेवार, सरकारी पंच फितूर झाला तर त्याची खात्यात चौकशी लागते. तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत."

"मॅडम, मी कोणाकडून काही घेतलं नाही."

"तसं सगळेच म्हणतात."

साक्षीच्या पिंजऱ्यापासून पाच फुटांवर कूलर होता. न्यायाधीश म्हणाले, "मोठ्यानं बोला. इकडे ऐकू येत नाही."

"पंचनाम्याच्या वेळी तुमच्या खिशात एक कांदा मिळाला, हे खरं?" मॅडमनी सुरुवात केली.

"खरं."

"मध्यम आकाराचा?"

"हो."

मागे कोणीतरी हसलं.

"आरोपी पैसे मागताना काय म्हणाले?"

अनंतनं तोंड उघडलं. वाक्य पाठ होतं. पण घरघरीखालून तो आवाज आला, आणि आता तो आवाजवाला माणूस समोरच बसला होता, तोंड मिटून.

"साहेब," तो न्यायाधीशांना म्हणाला, "दोन मिनिटं कूलर बंद करता येईन काय?"

न्यायाधीशांनी शिपायाला खूण केली. पंखा फिरत फिरत थांबला. शेवटचे दोन थेंब टपटपले. सगळ्या कोर्टाला घाम फुटायला लागला.

"त्यांनी पाकीट घेतलं ते मी पाहिलं," अनंत म्हणाला. "नोटांवर बोट फिरवलं, ड्रॉवर लावला ते पाहिलं. हात गुलाबी झालेले पाहिले. ते पैसे मागत होते यात मला शंका नाही. पण शब्द मी ऐकले नाहीत. कूलर चालू होता. नववं पान खोटं आहे. सही माझी आहे."

भैरवी मॅडमनी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून उलटतपासणीची परवानगी मागितली. त्या तासाभरात त्यानं अंजनकरांकडून काय घेतलं, कुठे घेतलं, असं त्याला वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं गेलं. तो 'काही नाही' म्हणत राहिला. थर्मासबद्दल सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण कोणी विचारलं नाही.

बाहेर पडताना अंजनकर उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. इतका मनापासून नमस्कार त्याला नोकरीत कधी कोणी केला नव्हता. तो परत करता येत नव्हता.

तुळसाबाई फाटकापाशी बाभळीच्या सावलीत उभी होती.

"मी आयकलं होतं गा. माह्या कानानं."

"मले माहीत आहे, मावशी."

"मंग?"

"मले नाही आलं आयकू."

"मंग सही काहून केली?"

तो सावलीतून एक पाऊल उन्हात सरकला.

"त्याच दिवशी म्हणाचं होतं ना," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "माहं काय जात होतं? मी म्हटलं असतं, साहेब, कूलर बंद करा, माह्या भाच्याले आयकू येऊन नाही राहिलं. त्यानं बंद केला असता. पुन्हा मांगले असते. त्याले काय, मांगाची सवयच होती."

सात वर्षांत ही गोष्ट त्याला सुचली नव्हती. इन्स्पेक्टरला नाही, मॅडमला नाही, कोणालाच नाही.

ती रस्त्याकडे वळली. दहा पावलं गेली, थांबली, परत आली. पिशवीत हात घालून तिनं एक कांदा काढला आणि त्याच्या खिशात टाकला.

"ऊन आहे," म्हणाली आणि गेली.

घरी येऊन अनंतनं कांदा ओट्यावर ठेवला. चपला काढल्या. मग जाऊन कूलरचं बटण दाबलं आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसला. वाळ्याच्या ताट्या कोरड्या होत्या. आधी गरम फुफाटा आला, मग वाळ्याचा वास, मग गारवा. तो कान देऊन बसला. घरघर होती, टपटप होती. बराच वेळ गेला. त्याखाली कोणी नव्हतं.

शामला स्वयंपाकघराच्या दारात आली आणि चालू कूलर पाहून जागीच थबकली. मग ती काहीतरी म्हणाली. हातात कांदा होता, ओठ हलत होते.

त्यानं मान डोलावली. सवयीनं. मग तो उठला आणि कूलर बंद केला.

"आयकू आलं काय?" शामला विचारत होती.

"नाही आलं," अनंत म्हणाला. "पुन्हा सांग."