माझ्याखालचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुनी रबरी चटई आहे. स्टेशन वॅगन नावाची लांबुडकी गाडी असते ना, मागच्या सीटच्याही मागे सपाट, ऐसपैस जागा असलेली? त्या जागेत मी गेली अडतीस वर्षे पसरलेली होते. माझा रंग काळा, अंगावर उभ्या रेघा आणि स्वभाव भित्रा. चटईने कसले घाबरायचे, असे तुम्हाला वाटेल. पण माझ्याखाली काय होते ते तुम्हाला माहीत असते, तर तुम्हालाही झोप लागली नसती.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम रबर लोखंडी साच्यात दाबले, तेव्हा माझ्या अंगावर रेघा उमटल्या. मग एका बाईंनी माझ्या कडा कापल्या आणि गाडीच्या चाकांचा फुगवटा बसावा म्हणून दोन्ही बाजूंना अर्धगोल खाचा केल्या. त्यांचा हात एवढा सफाईदार होता की मला दुखलेही नाही. माझे काम एकच होते, झाकायचे. पत्र्याला ओरखडा पडू द्यायचा नाही आणि सामान घसरू द्यायचे नाही.

आमचे मालक आईस्क्रीम बनवायचे. लाकडी बादलीत आईस्क्रीमचा डबा, डब्याभोवती बर्फ आणि बर्फावर मूठमूठ जाडे मीठ. अशा आठ बादल्या माझ्यावर बसून समारंभांना जायच्या. वाटेत बर्फ वितळायचा आणि खारट पाणी माझ्या रेघांमधून वाहायचे.

मालकीणबाई एकदा म्हणाल्या, "अहो, खाली पत्र्याचा ट्रे ठेवा की. मिठाचं पाणी सांडतंय सगळं."

"मग ही चटई कशाला आहे? शोभेला?" मालक म्हणाले आणि माझ्यावर बादलीभर साधे पाणी ओतून त्यांनी मला चकचकीत धुतले. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय ठेवलीय गाडी!" मी अगदी फुगून जायचे. तेव्हा मला कुठे ठाऊक होते की खारट पाणी माझ्या खाचांमधून खाली झिरपते आहे आणि माझ्यासारख्या जाड चटईखाली ते कधी वाळत नाही!

अशी बावीस-तेवीस वर्षे गेली. एक दिवस मालकांच्या हातातून एक छोटा बोल्ट पडला आणि माझ्या कडेखाली गेला. तो शोधायला त्यांनी मला उचलले. त्यांचा श्वास अडकलेला मी ऐकला. पत्र्याला तीन भोके पडली होती आणि भोकांतून खालची फरशी दिसत होती.

घरातून मालकीणबाईंनी विचारले, "सापडला का हो बोल्ट?"

"सापडला," मालक म्हणाले. बोल्ट तर भोकातून केव्हाच खाली पडला होता.

त्याच दुपारी त्यांनी आईस्क्रीमच्या डब्यांची झाकणे ठोकून सपाट केली, डांबर तापवले, झाकणे भोकांवर चिकटवली आणि मला त्यांच्यावर चिकटवून टाकले. कोणाला एका शब्दाने सांगितले नाही. बायकोचे ऐकले नाही याची त्यांना लाज वाटत होती, आणि गाडी भंगारात जाईल याची भीती. त्या दिवसापासून ते घाबरत जगले आणि त्यांच्याबरोबर मीही. मला उचलले की गाडीचे दिवस भरले, आणि गाडी गेली की मी कुठल्या उकिरड्यावर जाणार हे काय सांगायला हवे!

पुढे मालकीणबाई गेल्या, आईस्क्रीमचे दुकान बंद झाले, आणि गाडी चालवू लागली मालकांची मुलगी. तिची सात वर्षांची लेक एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. माझे मालक आता भिंगरीचे आजोबा झाले होते. शाळेतून येताना भिंगरी सीट सोडून मागे यायची, माझ्यावर मांडी घालून बसायची आणि मागच्या गाड्यांना हात करायची. तिचे वजन ते काय, पण ती उडी मारून बसली की खालची गंजकी झाकणे करकरायची.

गेल्या वर्षी ती म्हणू लागली, "आई, मागे कसलातरी वास येतो. डोकं दुखतं माझं."

आईने आत डोके घालून हुंगले. "ही चटईच कुजलीय. किती वर्षांची आहे! बदलूनच टाकू."

मी कुजले नव्हते, मित्रांनो. खालचे डांबर तडकले होते, झाकणे गंजून गळून पडली होती आणि धुराच्या नळीला बरोबर माझ्याखाली चीर गेली होती. वास धुराचा होता. मी जमेल तेवढा अडवत होते, पण माझ्या खाचांमधून तो वर येतच होता.

मग माझ्या जागी दुसरी चटई शोधायची मोहीम सुरू झाली. एवढ्या जुन्या गाडीचे सामान आता कोण बनवते? भिंगरीच्या आईने माझे फोटो काढले, टेप लावून माप घेतले, दहा दुकाने पालथी घातली, अशाच गाड्या बाळगणाऱ्या अनोळखी लोकांना पत्रे लिहिली. कोणी काथ्याची दाखवली, कोणी गालिच्याचा तुकडा, कोणी बसमधले जाड रबर. नमुने घरी यायचे आणि आजोबांपुढे ठेवले जायचे.

"रेघा बारीक आहेत," आजोबा म्हणायचे. दुसऱ्याचा रंग फिका, तिसरे पावसात घसरणार, चौथ्याला वास.

"बाबा, चटई बघताय की जावई?" मुलगी वैतागून हसायची.

त्यांचे खरे कारण एकट्या मला कळत होते. नवी सापडली की जुनी उचलावी लागणार! त्यांच्या प्रत्येक नकाराला मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते. भिंगरीचे डोके रोज दुखत होते आणि मी टाळ्या वाजवत होते. आज हे सांगताना मला माझीच लाज वाटते.

शेवटी मुलीने आजोबांना न विचारता थेट एका सीटकव्हरवाल्या काकांना गाठले. त्यांच्याकडे माझ्यासारख्याच रेघांचे रबर निघाले. भर दुपारी आम्ही सगळे, हट्टाने बरोबर आलेले आजोबासुद्धा, त्यांच्या दुकानासमोर उभे राहिलो. गाडी एकदा बंद केली की लवकर सुरू व्हायची नाही, म्हणून इंजिन चालूच ठेवले होते. भिंगरी माझ्यावर पालथी पडून चित्र रंगवत होती.

काकांनी माझी कड नखाने उचकटून पाहिली. "ताई, ही तर डांबरानं बसवलीय. काढायची म्हणजे दिवस जाईल. त्यापेक्षा हिच्यावरच नवी चिकटवतो. मऊसुद्धा लागेल."

"चालेल, चालेल!" आजोबा घाईघाईने म्हणाले. कितीतरी वर्षांनी मी त्यांचा मोकळा श्वास ऐकला. मलाही हायसे वाटले. मी फेकली जाणार नव्हते. कोणाला काही कळणार नव्हते.

तेवढ्यात भिंगरीच्या हातातला खडू गळून पडला. तिने माझ्यावर गाल टेकला. तो गरम होता.

"आजोबा," ती अगदी सावकाश म्हणाली, "मी इथंच झोपू?"

तिच्या कपाळावरचे केस भुरभुरत होते. वारा तर कुठेच नव्हता. माझ्या खाचेतून वर येणारी गरम, विषारी हवा ते केस हलवत होती. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, मित्रांनो. ऐकणार कोण? चटई ओरडते ते चटईलाच ऐकू येते. नवी चटई माझ्यावर चिकटली की हे भोक कायमचे लपणार होते, धूर मात्र खाचांतून येतच राहणार होता, आणि ही पोर रोज इथेच झोपणार होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले की मला उचला, फाडा, फेका, पण आत्ता उचला!

आजोबांची नजर त्या केसांवर गेली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"गाडी बंद कर! अगं, आधी बंद कर!" ते ओरडले आणि त्यांनी भिंगरीला खसकन बाहेर ओढले. तिला झाडाखाली नेऊन बसवले, तोंडावर पाणी मारले. ती उलटी करून रडू लागली तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

मग आजोबांनी काकांच्या हातातली सुरी घेतली. "वर नाही लावायची. ही काढायची. मीच काढतो."

माझे डांबर सुटताना अंगाचे लचके तुटले, पण मी एकदाची उचलली गेले. खाली आता तीन भोकांचे मिळून ताटाएवढे एकच भोक झाले होते. त्यातून रस्ता दिसत होता आणि फुटकी नळी.

मुलीने वाकून भोकातून खाली पाहिले. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"हो. तुझी आई होती तेव्हापासून." आजोबा मान खाली घालून म्हणाले. "वास चटईचा नव्हता गं. बोलायची भीती वाटली मला. तू गाडी मोडीत काढली असतीस."

"आणि मी हिला रोज इथं बसवत होते," ती म्हणाली. लेकीला उचलून ती रिक्षाने तडक डॉक्टरांकडे गेली. आजोबा फुटपाथवर माझ्या शेजारी बसून राहिले. ते रडत होते, आणि मला त्यांना काही सांगता येत नव्हते.

भिंगरी बरी आहे. गाडी भंगारात गेली नाही. नवा पत्रा, नवी नळी बसली आणि माझ्यावरून माप काढून नवी चटईही बसली. ती चिकटवलेली नाही, टिचबटणांनी लावलेली आहे. दर रविवारी आजोबा ती स्वतः उचलतात आणि मुलगी शेजारी उभी राहून खाली बघते. भिंगरी आता पुढे, पट्टा लावून बसते. मी मात्र सीटकव्हरवाल्या काकांच्या दुकानात गुंडाळून उभी आहे. कधी फेकतील याची धाकधूक आहेच. माझा स्वभाव काही बदललेला नाही.

मित्रांनो, तुमच्या वस्तू वरून पुसता तशा अधूनमधून उचलूनही बघा. आणि खाली काही बिघडलेले दिसले, तर कितीही भीती वाटली, कितीही लाज वाटली, तरी त्याच दिवशी घरात सांगा. मी इतकी वर्षे गप्प राहिले, कारण मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.