बाराव्या सहीची खुर्ची

मित्रांनो, पलटणीच्या आवारात अगदी टोकाला एक अरुंद खोली आहे. तिथे कारकुनाच्या टेबलासमोर ठेवलेली मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. दारूगोळ्याच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्यांतून पलटणीच्याच सुताराने मला घडवले. शेवटचा खिळा ठोकून तो स्वतः माझ्यावर बसला, दोनदा मागे रेलला आणि म्हणाला, "खोक्याची फळी होतीस तेव्हा तुला बघून लोक पळायचे. आता टेकायला येतील."

आणि लोक आले. नोकरीची वर्षे भरलेला सैनिक घरी निघण्यापूर्वी एक चिठ्ठी घेऊन साऱ्या आवारात फिरतो. तिच्यावर बारा सह्या लागतात. एका ठिकाणी तो बंदूक परत करतो, दुसरीकडे कांबळे, तिसरीकडे बूट, कुठे वाचनालयाचे राहिलेले पुस्तक. अकरा ठिकाणी त्याला काही ना काही देऊन टाकावे लागते. बारावी सही आमच्या खोलीत. इथे मात्र त्याला काही मिळायचे असते. पुढच्या उपचारांचे कार्ड, नवे काम शिकायची सोय, बायकामुलांसाठी दवाखाना, अडीनडीला मदत मागायचा पत्ता. पण इथे येईपर्यंत त्याचा सगळा जीव फाटकाबाहेरच्या गाडीत अडकलेला असतो.

कारकून त्याच्यापुढे एक तक्ता सरकवतो. पाठ दुखते का? दम लागतो का? झोप येते का? असे वीस प्रश्न, आणि पुढे 'हो' व 'नाही' असे दोन रकाने. एक जरी 'हो' लिहिले तरी डॉक्टरांची तपासणी येते आणि मुक्काम चार-पाच दिवसांनी वाढतो. म्हणून बहुतेक जण 'नाही'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच रेघ ओढतात. दुखते म्हणायचे नाही, हे त्यांच्या अंगात इतके मुरलेले असते की रेघ ओढताना हात जरासुद्धा अडत नाही.

मित्रांनो, कागदावर काय लिहिले ते कारकुनाला कळते. माणूस कसा बसला ते मला कळते.

एके दिवशी सामानाच्या ट्रकचा ड्रायव्हर आला. त्याने आधी माझे दोन्ही हात घट्ट धरले, मग एका अंगावर भार टाकत हळूहळू टेकला. पाठ त्याने टेकवलीच नाही. बसेपर्यंत त्याच्या तळहातांच्या घामाने मी ओली झाले.

"पाठबीठ दुखते का रे?" तेव्हाच्या म्हाताऱ्या कारकुनाने विचारले.

"काका, एकोणीस वर्षं खड्ड्यांतून ट्रक हाकलाय. दुखायला पाठ जागेवर राहिलीय कुठे!"

दोघेही खळखळून हसले. ड्रायव्हरने हसत हसत रेघ ओढली, काकांनी हसत हसत सही केली. मला ओरडावेसे वाटले, पण खुर्ची फार तर कुरकुरते. मी कुरकुरले. काका म्हणाले, "हिचे खिळे ठोकून घ्यायला हवेत."

तीन वर्षांनी तो परत आला, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. काका तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी एक कारकूनबाई होत्या. बायकोने मला पुढे ओढले.

"बसा ना हो."

"नको. बसलो तर उठवायला दोघं लागतील."

त्याच्या डाव्या पायातले बळ जात चालले होते. पाठीची शस्त्रक्रिया लवकर व्हायला हवी होती. पण सैनिकांच्या इस्पितळाने त्याला दारातूनच परत पाठवले होते, कारण निघताना पाठ ठणठणीत होती असे त्याच्याच हातची रेघ सांगत होती.

"ताई, ती रेघ खोडता नाही येणार?" बायकोने विचारले.

"नाही हो वहिनी. पण पलटणीच्या दवाखान्याच्या जुन्या वहीत पाठदुखीची नोंद सापडली तर पुन्हा अर्ज करता येईल. औषधाला कितीदा गेला होतात?"

"एकदा," ड्रायव्हर म्हणाला.

"अहो, एकदाच? घरी आलात की गडाबडा लोळायचात!"

"घरी तू होतीस ना."

बाई वही शोधायला निघाल्या. दाराशी एक आचारी चिठ्ठी घेऊन उभा होता. त्याच्यापुढे तक्ता ठेवत त्या म्हणाल्या, "नीट वाचून भरा. मी आलेच." आचारी माझ्यावर बसला. त्याच्या छातीतली शिट्टी माझ्या फळ्यांत घुमत होती. त्याने पेन उचलले आणि 'नाही'च्या रकान्यावर नेले. तेवढ्यात ड्रायव्हरने तक्त्यावर पंजा ठेवला.

"आचारीबुवा, जिना चढताना कितीदा थांबता?"

"बावीस वर्षं धूर खाल्लाय, तेवढं चालायचंच. हात काढा, माझी गाडी सुटेल."

"माझी सुटली नव्हती. वेळेवर मिळाली," ड्रायव्हर म्हणाला. "बघा माझ्याकडे."

बाहेर हॉर्न वाजला. आचारी अर्धा उठला. मी हलकी झाले. त्याने ड्रायव्हरच्या पायाकडे पाहिले, त्याला धरून उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिले, आणि त्याचा सगळा भार पुन्हा माझ्यावर आला.

"दम लागण्याचा प्रश्न कितवा?" त्याने विचारले.

"सातवा," ड्रायव्हरची बायको म्हणाली. तिला तो तक्ता तोंडपाठ झाला होता.

गाडी निघून गेली. आचारी चिडून तसाच बसून राहिला, पण सातव्या प्रश्नापुढे त्याने 'हो' लिहिले होते.

बाई परतल्या त्या वही उघडूनच. "एकच नोंद आहे," त्या म्हणाल्या. "आजच अर्ज पाठवते. पण काय होईल ते सांगवत नाही." अजून उत्तर आलेले नाही. ड्रायव्हरची बायको दर महिन्याला येऊन विचारून जाते. आता ती एकटीच येते. त्याला पायऱ्या चढवत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी अशी नोकरी संपवून परत येईल आणि म्हणेल, मला काही झालेले नाही. त्याला पुन्हा विचारा. पहिल्यांदा तो हसेल. दुसऱ्यांदा चिडेल. तरी तिसऱ्यांदा विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत त्याच्यापासून हलू नका.