बारा शब्दांचा तक्ता

मित्रांनो, प्रभादेवीच्या एका शाळेत सातवीच्या वर्गात फळ्याशेजारी टांगलेला जुना तक्ता म्हणजे मी. मला मेघनाबाईंनी बनवलं. आपल्या तान्ह्या लेकीला, श्रेयाला, पायांवर हलवत हलवत त्यांनी माझ्यावर बारा शब्द रंगवले. आनंद, दुःख, राग, भीती, असे. वर मथळा दिला, 'कवितेतला भाव, सांगणाऱ्याचा सूर'. परीक्षेत एकाही मुलाचं उत्तर कोरं राहू नये, एवढीच त्यांना काळजी.

माझं कौतुकही फार झालं. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझा फोटो काढला. प्रश्न आला की पन्नास डोळे माझ्याकडे वळत आणि मी फुशारून जाई. ते डोळे पुस्तकावरून उठलेत, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

एकदा बाईंनी चाळ सोडून जाणाऱ्या एका बाईवरची कविता शिकवायला घेतली. शेजारणी रडतात, ती मात्र खोलीला कुलूप लावते आणि मागे न बघता जिना उतरते. सगळा वर्ग ओरडला, 'दुःख'. माया तेवढी उभी राहिली. तिच्या घरचे नुकतेच वरळीच्या बीडीडी चाळीतून टॉवरमध्ये राहायला गेले होते.

"बाई, तिला आनंद झालाय. पण सगळ्या रडतायत, म्हणून तिला त्याची लाज वाटतेय. म्हणून ती मागे बघत नाही."

"हिला घरात बाथरूम मिळालं ना," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. बाईंना कविता संपवायची घाई होती.

"तक्त्यात आहे का असं काही? त्यातलाच शब्द सांग."

माया माझ्याकडे बघत राहिली. माझ्याजवळ तिला द्यायला काहीच नव्हतं. ते आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"दुःख," म्हणून ती खाली बसली.

पुढे तिने कधी हात वर केला नाही. प्रत्येक कवितेला माझ्यावरचा एखादा शब्द लिही. गुण मात्र पूर्ण.

सहामाहीचे पेपर चाळताना शेजारच्या वर्गाच्या बकुळाबाई सहज म्हणाल्या, "मेघना, पंचवीस जणांचं एकच वाक्य गं. कविता वाचली तरी का कुणी?" बाईंना मायाचं ते उत्तर आठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गासमोर मायाची माफी मागितली. तेव्हाचं उत्तर परत सांगशील का, म्हणून विचारलं.

"राहू दे बाई. दुःखच असेल."

बाईंनी मला उलटं केलं, तोंड भिंतीकडे. बरंच केलं.

मित्रांनो, कविता आधी स्वतः वाचा. मनात आलेला शब्द कुठे लिहिलेला नसला तरी बोला, आणि दुसरं कुणी बोललं तर हसू नका. आता वर्गात बरेच आवाज येतात. मायाचा अजून आलेला नाही.