पाच वाजून दहा मिनिटं

"खिडकी बंद झाली, बाई," कारकून म्हणाला.

बाईंना धाप लागली होती. अंगावर इस्पितळाचा पांढरा गणवेश तसाच होता आणि हातात घडी घातलेला फॉर्म. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

उन्हाळी संगीत शिबिरासाठी ज्या मुलांची निवड व्हायची त्यांच्या आईवडलांपैकी कुणीतरी स्वतः कचेरीत येऊन सही करायची, तीही ठरलेल्या शनिवारी पाचच्या आत, असा नियम होता. जो येणार नाही त्याच्या मुलाची जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या नावाला मिळायची.

"माझ्या जागेवर येणारी सिस्टर वेळेवर आलीच नाही," बाई म्हणाल्या. "वॉर्ड उघडा टाकून निघता येईना."

"नियम आहे. माझ्या हातात काही नाही."

आता त्या विनवण्या करतील, भांडतील, संचालकांना भेटायचं म्हणतील, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर कदाचित त्याने काच वर सरकवलीही असती. पण बाईंनी एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि मान डोलावली. फॉर्म पुन्हा घडीवर दुमडून पर्समध्ये ठेवला आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या. उतरताना त्यांनी कठडा धरला होता. दिवसभर उभं राहून काम केलेल्या माणसाचे पाय असतात तसे त्यांचे पाय पडत होते.

कारकुनाला त्या खिडकीत एकोणीस वर्षं झाली होती. शिबिराची मुलं त्याला खिडकीवाले काका म्हणत. संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. निवडीच्या दिवशी आत कोण कसं वाजवतंय हे तो बाहेर येणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरून ओळखायचा आणि त्याचा अंदाज परीक्षकांपेक्षा फारसा चुकत नसे, असं कचेरीत गमतीने म्हणायचे. पाचचा नियम त्यानेच टाइप केलेला होता, पण एवढ्या वर्षांत सहाच्या आत त्याने कधी खिडकी लावली नव्हती. शिपाई किल्ल्या वाजवत उभा राहिला की तो म्हणायचा, थांब जरा, कुणाची तरी गाडी चुकली असेल. मग उशिरा आलेल्यांच्या नावापुढे वेळेच्या रकान्यात पावणेपाच लिहायचा. संचालकांना हे ठाऊक होतं आणि त्यांनी कधी हटकलं नव्हतं.

त्याच शनिवारी, पाच वाजून चार मिनिटांनी, ट्रम्पेट वाजवणाऱ्या एका मुलाचे वडील धावत आले होते. त्यांची सही त्याने घेतली होती.

व्हायोलिनच्या जागा बारा. त्यातल्या अकरा भरल्या होत्या, बारावी या बाईंच्या मुलीची होती. आणि प्रतीक्षायादीत व्हायोलिनच्या रकान्यात पहिलं नाव होतं ते कारकुनाच्या मुलीचं.

ती तेव्हा तेरा वर्षांची होती. निकालाचं पत्र त्याने घरी नेलंच नव्हतं. यादी अजून लागायची आहे, असं सांगून वेळ मारून नेली होती. त्या संध्याकाळी त्याने दारातूनच सांगितलं, "झाली निवड." मुलीने विचारलं, पहिल्या यादीतच ना? तो हो म्हणाला. बायकोचा जीव भांड्यात पडला. आठवडाभर मुलगी धड जेवली नव्हती; त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं.

शिबिर तीन आठवड्यांचं असे. सुटीत ओस पडलेली एक शाळा त्यासाठी घेतलेली होती. सकाळी आठपासून वर्गावर्गातून सूर यायचे, दुपारी मुलं जेवणाच्या खोलीकडे पळायची, आणि फळ्यांवर अर्धवट पुसलेल्या गणितांच्या शेजारी स्वरांच्या खुणा लिहिलेल्या असायच्या. कारकून कागदपत्रं घेऊन दिवसातून दहा फेऱ्या मारायचा, पण त्या वर्षी व्हायोलिनच्या वर्गावरून जायचं त्याने टाळलं. वरच्या मजल्यावरून वळसा घालून जायचा.

शेवटच्या दिवशी मुलांचा कार्यक्रम झाला तेव्हा तो मागच्या रांगेत बसला. बायको पुढे होती. मंचावर बारा खुर्च्या होत्या आणि बारा गज एकाच वेळी वर जात होते, खाली येत होते. आपली मुलगी कशी वाजवते हे त्याला तसंही कळलं नसतं. पण बारापैकी एकही खुर्ची रिकामी नव्हती, कुठे काही कमी दिसत नव्हतं, आणि तेच त्याला बघवेना. टाळ्या सुरू व्हायच्या आधी तो बाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिला. बायकोने नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, आत फार उकडत होतं.

पुढच्या वर्षी त्याने नर्सबाईंच्या पत्त्यावर शिबिराचा फॉर्म स्वतः टपालात टाकला. तारखेखाली दोनदा रेघ ओढली. फॉर्म भरून आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही पाठवला. तोही आला नाही. मग त्याने पाठवणं थांबवलं.

अशी पाच वर्षं गेली. मुलगी अठरा वर्षांची झाली आणि त्या उन्हाळ्यात शिबिराने तिलाच लहान मुलांना शिकवायला बोलावलं. निवडीच्या दिवशी मदत करून ती घरी आली ती बोलतच. एक मुलगी निवडीच्या भीतीने रडत होती, तिला आपण कसं समजावलं, हे ती जेवताना सांगत होती.

"मी तिला म्हटलं, मी पण तुझ्याएवढीच होते, आणि पहिल्याच यादीत आले. घाबरायचं काय त्यात? हो ना, बाबा?"

घास त्याच्या तोंडातच राहिला. त्याने नुसती मान हलवली आणि पाण्याचा पेला जवळ ओढला.

त्या रविवारी, जरा पाय मोकळे करून येतो असं सांगून तो घराबाहेर पडला.

नर्सबाई तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. दार उघडताच त्यांनी त्याला ओळखलं. आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी आणलं. केस बरेच पिकले होते. व्हायोलिनबद्दल त्याने विचारलं, तर ते शाळेचं होतं, त्याच वर्षी परत करून टाकलं, असं त्या म्हणाल्या. त्यांची मुलगी आता चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायच्या कामाला होती. मालक चांगला होता. हात हलका आहे पोरीचा, असं म्हणायचा.

"तुमचं काही चुकलं नाही हो," त्याने काही म्हणायच्या आधीच बाई म्हणाल्या. "तुम्ही फॉर्मही पाठवलेत नंतर. वेळ म्हणजे वेळ. उशीर माझाच झाला."

कारकून खाली बघत बोलला.

"मी दर वर्षी सहापर्यंत खिडकी उघडी ठेवायचो. त्या दिवशीही तुमच्या आधी एक जण उशिरा आला होता. त्याची सही मी घेतली."

बाई रिकामा पेला उचलायला वाकल्या होत्या, त्या तशाच थांबल्या.

"मग माझीच का नाही?"

"पुढचं नाव माझ्या मुलीचं होतं."

बाई पेला जागीच ठेवून समोर बसल्या आणि सावकाश सांगू लागल्या. त्या शनिवारी घरी येऊन त्यांनी मुलीला सांगितलं होतं की चूक माझी, मी वेळेवर निघायला हवं होतं. मुलगी एकदाच म्हणाली होती, तुझ्यामुळे झालं. एकदाच. त्यानंतर या घरात व्हायोलिनचा विषय दोघींपैकी कुणीही काढला नव्हता. फॉर्म आले तेव्हा मुलीने ते न उघडताच खणात टाकले होते.

"मला सांगून तुमचं ओझं उतरलं असेल," बाई म्हणाल्या. "पण ऐकायचं होतं ते तिने."

त्यांनी आतल्या खोलीकडे बघून हाक मारली.

मुलगी बाहेर आली. त्याच्या मुलीएवढीच, तशीच उंच. ती बसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. कारकुनाने सगळं पुन्हा सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शब्द आपोआप आले होते. आता एकेक ओढून काढावा लागत होता. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही.

"वाजवते का ती अजून?" शेवटी तिने विचारलं.

"हो. आता शिकवतेसुद्धा."

"तिला माहितीये हे?"

"नाही. घरी गेलो की सांगणार आहे."

मुलगी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावरून मुलांच्या मनातलं ओळखणाऱ्या त्या माणसाला तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"नका सांगू," ती म्हणाली. "मग तिच्याने वाजवणं व्हायचं नाही."

एवढं बोलून ती आईकडे वळली. आई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. मुलगी तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"आई, म्हणजे तुला उशीर झालाच नव्हता."

"झाला होता गं. दहा मिनिटं."

"दहा मिनिटांना कुणी उशीर म्हणतं का?"

मुलीने बाईंचा एक हात ओढून आपल्या हातात घेतला.

कारकून येताना जिन्यात बरंच काही ठरवून आला होता. शिबिरातल्या शिक्षकांशी बोलेन, वाद्याची काही सोय बघेन, असं सांगणार होता. तो खुर्चीतून उठला तेव्हा त्याला कुणी बसा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. दोघींचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. मुलगी हळू आवाजात आईला काहीतरी विचारत होती, आणि आई पाच वर्षांत पहिल्यांदा त्या शनिवारबद्दल सांगत होती: बदलीची सिस्टर कशी आली नाही, रस्त्यात कुठे कुठे धावले, खिडकीपाशी पोचले तेव्हा तोंडाला कशी कोरड पडली होती.

त्याने दारापाशी बुटांत पाय सरकवले, नाड्या न बांधताच. मग बाहेर येऊन, कडीचा आवाज होऊ नये म्हणून ती हातात धरून, दार हलकेच ओढून घेतलं.